द सिम्स ४ : फुकट गेम, आजी आणि सेव्ह फाइल. आठवडाभर खेळून आलेलं पहिलं मत



मागच्या सुट्टीत माझी मामेबहीण सांगलीहून आमच्याकडे पुण्याला आली होती. अकरावीत आहे. आल्या आल्या म्हणाली, "दादा, तुझ्या लॅपटॉपवर सिम्स ४ टाकून दे ना, फुकट आहे." त्याच संध्याकाळी मामाचा फोन. "अरे, ती गेम मागतेय म्हणे. फुकट आहे तर मग तिला पैसे कशाला हवेत? तू या विषयावर लिहितोस, जरा बघून सांग बाबा."

प्रश्न सरळ होता आणि माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. मी सिम्स २ शाळेत असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळलो होतो, त्यानंतर थेट आता. म्हणजे चौथा भाग माझ्यासाठी नवीनच. आठवडाभर आम्ही दोघं आळीपाळीने खेळलो. त्यातून काय वाटलं, आणि या गेमभोवती सध्या ज्या बातम्या चालू आहेत त्यांचा तुमच्या-आमच्याशी काय संबंध, ते आज बघूया.

आधी थोडक्यात : हा गेम आहे तरी काय?

सिम्स हा लाइफ सिम्युलेशन गेम. यात शत्रू नाही, लेव्हल नाही, 'जिंकलात' असा बोर्ड येत नाही. तुम्ही माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला पाठवायचं, जेवायला घालायचं, भांडणं सोडवायची. बास. पहिला भाग फेब्रुवारी २००० मध्ये आला. तो बनवणारे विल राइट यांचं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधलं घर १९९१ च्या मोठ्या आगीत जळालं होतं. नवा संसार मांडताना कुठली वस्तू खरंच लागते आणि कुठली नाही, हा विचार करता करता त्यांना या गेमची कल्पना सुचली. दुसरा भाग २००४ मध्ये, तिसरा २००९ मध्ये आणि चौथा सप्टेंबर २०१४ मध्ये आला.

म्हणजे 'नवा' म्हणतोय तो गेम दहा वर्षांहून जुना आहे! मग आत्ता त्याबद्दल का लिहायचं? कारण १८ ऑक्टोबर २०२२ पासून याचा मूळ गेम मोफत झाला, आणि आपल्याकडची बरीच मुलं त्यानंतरच याच्याकडे वळली आहेत. आणि दुसरं कारण म्हणजे याच्या पुढचा भाग, सिम्स ५, नेहमीच्या पद्धतीने येणारच नाहीये. त्यावर पुढे बोलू.

पहिला तास : माणूस बनवणं

गेम उघडला की आधी सिम बनवायचा. इथे मी खरंच चकित झालो. सिम्स २ मध्ये मला स्लायडर सरकवत बसावं लागायचं. इथे नाक धरायचं आणि ओढायचं, गाल दाबायचा, पोट वाढवायचं. मातीचा गणपती घडवताना बोटाने आकार देतात तसं. चालण्याची ढब वेगळी निवडता येते, आवाज जाड-बारीक करता येतो. डिसेंबर २०२० च्या अपडेटमध्ये त्वचेच्या शंभराहून जास्त नव्या छटा आल्या, त्यामुळे आपल्यासारखी माणसं आता आपल्यासारखी दिसतात.

मला वाटलं बहीण स्वतःला बनवेल, नाहीतर एखाद्या के-पॉपवाल्याला. तिने आजी बनवली.

आमची आजी गेल्या वर्षी गणपतीच्या आधी गेली. बहीण तिच्याच खोलीत झोपायची. तिने अर्धा तास त्या चेहऱ्यावर काम केलं. हनुवटी, कपाळ, मान किंचित पुढे काढून चालणं. स्वभावाचे तीन गुण निवडता येतात, तर तिने नीटनेटकी, कुटुंबवत्सल आणि तापट हे तीन घेतले. तिन्ही बरोबर! कपड्यांत नऊवारी शोधली, ती सापडली नाही. मग लांब स्कर्ट आणि शाल यावर भागवलं. नाव इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं, कारण गेमच्या भाषांमध्ये मराठीही नाही आणि हिंदीही नाही.

बोलण्याचा प्रश्न मात्र नाही. सिम्स लोक 'सिम्लिश' नावाची बनवलेली भाषा बोलतात. ती कोणालाच कळत नाही, म्हणजे अमेरिकेतल्या मुलाला जेवढी कळते तेवढीच सांगलीतल्या मुलीला कळते.

दुसरा तास : ओटा पेटला

खेळ सुरू झाला आणि आजी स्वयंपाकाला उभी राहिली. पाचव्या मिनिटाला शेगडी पेटली. आयुष्यभर पन्नास-पन्नास माणसांच्या पंगती उठवलेली बाई, आणि इथे पहिल्याच दिवशी आग! आम्ही दोघं हसून लोळलो.

असं का झालं, तर गेममध्ये कौशल्य वयाने येत नाही, करून येतं. स्वयंपाकाचं कौशल्य जवळजवळ शून्यावर असेल तर आग लागायची शक्यता जास्त. रोज थोडं केलं की वाढतं. या गेमचं गणित तिथेच समजतं. प्रत्येक सिमला सहा गरजा असतात : भूक, झोप, लघवी, स्वच्छता, करमणूक आणि माणसांची सोबत. खेळाचा एक दिवस साध्या वेगात आपल्या साधारण २४ मिनिटांचा. त्या २४ मिनिटांत या सहा पट्ट्या सांभाळून नोकरी, अभ्यास, नाती सगळं बसवायचं. थोडक्यात, आपली आई रोज जे करते ते.

चौथ्या भागाची खरी नवी गोष्ट म्हणजे भावना. सिम नुसता 'बरा' किंवा 'वाईट' नसतो. तो आनंदी, उदास, रागावलेला, एकाग्र, प्रेरित, लाजलेला, ताणलेला असा असतो आणि त्यावर पुढचं काम ठरतं. एकाग्र असेल तर अभ्यास चांगला होतो, प्रेरित असेल तर पदार्थ चांगला जमतो. आणि भावना टोकाला गेली तर सिम रागाने किंवा हसता हसता मरूही शकतो. शिवाय एका वेळी दोन-तीन कामं करणं आलंय. जेवता जेवता टीव्ही बघत शेजारणीशी गप्पा. हे इतकं ओळखीचं वाटलं की विचारू नका.

काय खटकलं?

हा गेम आला तेव्हा त्याच्यावर भरपूर टीका झाली होती, आणि ती चुकीची नव्हती. २०१४ मध्ये यात स्विमिंग पूल नव्हते आणि रांगणारी-चालणारी छोटी मुलंही नव्हती. बाळ पाळण्यातून थेट शाळेत! आधीच्या दोन्ही भागांत ही दोन्ही होती. पूल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले, छोटी मुलं जानेवारी २०१७ मध्ये, आणि पाळण्याबाहेर येणारी तान्ही बाळं मार्च २०२३ मध्ये. हे सगळं मोफत अपडेटमधून मिळालं. म्हणजे आज जो गेम मी 'पहिल्यांदा' खेळलो, तो २०१४ चा गेम नव्हेच. तेव्हा पैसे देऊन घेतलेल्यांना अर्धवट मिळाला, आणि आम्हाला फुकटात त्याहून भरलेला मिळाला.

दोन गोष्टी मात्र अजून खटकतात. तिसऱ्या भागात सगळं गाव एकसलग होतं. घरातून निघून चालत बागेत जाता यायचं. इथे शेजारच्या दारात जायचं तरी लोडिंगचा पडदा येतो. दुसरी गोष्ट रंगांची. तिसऱ्या भागात कुठल्याही वस्तूला हवा तो रंग देता यायचा. इथे ठरवून दिलेले पर्याय आहेत, त्यातूनच निवडायचं. बहिणीला आजीच्या खोलीची ती विशिष्ट पोपटी भिंत हवी होती. जवळपासचा हिरवा मिळाला, तो पोपटी नाही मिळाला.

पण या तडजोडीचा फायदाही आहे. गेम हलका राहिला. माझा लॅपटॉप पाच वर्षांचा, ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सेटिंग मध्यम ठेवली आणि नीट चालला. आता याच प्रकारातला दुसरा गेम बघा, इनझोई. तो क्राफ्टन कंपनीचा, म्हणजे आपल्या बीजीएमआयवाल्यांचा. मार्च २०२५ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. दिसायला फार सुंदर, पण तो चालवायला तगडा गेमिंग पीसी लागतो. आपल्याकडच्या बहुतेक घरांत लॅपटॉप असतो तो कॉलेजच्या असाइनमेंटसाठी घेतलेला. त्यावर चालतो तो गेम आपला.

फुकट म्हणजे किती फुकट?

आता मामाचा प्रश्न. मूळ गेम खरंच मोफत आहे, त्यात मेख नाही. पैसे लागतात ते पॅकना. त्यांचे प्रकार असे :

- एक्सपान्शन पॅक : सगळ्यात मोठे. नवं गाव, नवी जीवनशैली. अमेरिकेत किंमत ३९.९९ डॉलर.
- गेम पॅक : मध्यम. १९.९९ डॉलर.
- स्टफ पॅक : मुख्यतः वस्तू आणि कपडे. ९.९९ डॉलर.
- किट : छोटा संच.

भारतात रुपयांतली किंमत स्टोअरवर दिसते आणि सेलमध्ये बरीच खाली येते, त्यामुळे घाईने काही घेऊ नका. पण एकूण आकडा लक्षात घ्या. नुसते एक्सपान्शन पॅकच किमान वीस आहेत. पूर्ण किमतीने ते वीस घेतले तर ८०० डॉलर झाले. बाकीचं सगळं धरलं तर हजार डॉलरच्या वर जातं. त्या पैशात चांगला लॅपटॉप येतो!

आणि पाऊस, थंडी, कुत्रा-मांजर, कॉलेज या गोष्टी पॅकमध्ये आहेत. बहिणीला हवा होता सांगलीचा जुना वाडा, एकाच आवारात चार-पाच बिऱ्हाडं असलेला. एका प्लॉटवर अनेक कुटुंबं ठेवायची सोय २०२३ च्या 'फॉर रेंट' पॅकमध्ये आहे, मूळ गेममध्ये नाही. मुंबईच्या रस्त्यावरच्या कपडेबाजारावरून स्फूर्ती घेतलेला 'फॅशन स्ट्रीट' नावाचा किट ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, तोही पैसे देऊनच. म्हणजे घर फुकट, पण आवार, पाऊस आणि मांजर विकत.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगायला हवी. यात लॉटरीसारखा लूट बॉक्स नाही. 'आज पैसे भरा नाहीतर एनर्जी संपली' असा प्रकार नाही. पॅक एकदा घेतला की कायमचा वापरायला मिळतो आणि काय मिळणार ते आधीच कळतं. मोबाइल गेममध्ये दहा-दहा रुपयांनी खिसा कधी रिकामा झाला ते कळत नाही, त्यापेक्षा हे बरं. पण मुख्य मेन्यूवर पॅकच्या जाहिराती समोर असतात आणि सोळा वर्षांच्या मुलीला त्या दिसतातच.

मोबाइलवर मिळेल का?

हा तुमच्यातल्या बहुतेकांचा प्रश्न असणार. उत्तर : नाही. सिम्स ४ विंडोज, मॅक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आहे. अँड्रॉइड आणि आयफोनवर नाही. 'सिम्स ४ एपीके फ्री डाउनलोड' म्हणून जी पानं आणि व्हिडिओ दिसतात ती खोटी आहेत. तिथून काहीही डाउनलोड करू नका. ज्या फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे, त्यात अनोळखी एपीके टाकणं म्हणजे चोराला किल्ली देणं.

लॅपटॉपवरही मॉड टाकताना जपा. खेळाडूंनी बनवलेली ही जास्तीची फाइल असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये काही मॉडमध्ये मालवेअर सापडलं होतं, आणि तेही ओळखीच्या साइटवर. नवीन असाल तर पहिला महिना मॉडशिवाय खेळा. गेमच्या आतच 'गॅलरी' आहे, तिथे लोकांनी बांधलेली घरं मोफत मिळतात, ती वापरा.

आता बातमी : पुढचा भाग का नाही?

सप्टेंबर २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, म्हणजे ईएने, सांगितलं की सिम्स ४ च्या जागी सिम्स ५ आणायचा विचार नाही. सिम्स ४ चालूच राहील, त्यात भर पडत राहील. सोबत 'प्रोजेक्ट रेने' नावाचा वेगळा गेम बनतोय, तो मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा, मोबाइलसकट. कंपनीचं म्हणणं असं की लोकांनी वर्षानुवर्षं घेतलेले पॅक नव्या भागात शून्यावर येतात, ते होऊ नये. मुद्दा खरा आहे. पण दुसरी बाजूही बघा : ८.५ कोटींहून जास्त खेळाडूंपर्यंत पोचलेला, पॅक विकत राहणारा गेम कोण बंद करेल?

२९ सप्टेंबर २०२५ ला मोठी बातमी आली. सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक आणि अफिनिटी पार्टनर्स मिळून ईएला ५५ अब्ज डॉलरला विकत घेणार असा करार जाहीर झाला. त्यातले सुमारे २० अब्ज डॉलर कर्जाने उभे करायचे. कर्ज घेऊन घेतलेल्या दुकानात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. हप्ता भरायचा तर गल्ला वाढवावा लागतो. माझा अंदाज असा की पॅक कमी होणार नाहीत, वाढतील.

आणि तिसरी बातमी मोबाइलवाल्यांसाठी. 'द सिम्स मोबाइल' हा २०१८ चा गेम २० जानेवारी २०२६ ला बंद करत असल्याचं ईएने आधीच जाहीर केलं होतं. हा गेम सर्व्हरवर चालणारा. सर्व्हर गेला की त्यातलं घर, माणसं, सगळं गेलं.

या तिन्ही बातम्या एकत्र ठेवल्या की मला एकच प्रश्न पडतो. तुम्ही महिनोन्महिने बसून जे घर, जे कुटुंब बनवता, ते कोणाचं? तुमचं की सर्व्हरचं?

सिम्स ४ चं उत्तर सध्या तरी बरं आहे. एकदा इन्स्टॉल करून सुरू केला की तो इंटरनेटशिवाय खेळता येतो. आणि तुमचा खेळ तुमच्याच लॅपटॉपवर साठतो. डॉक्युमेंट्समध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स', त्यात 'द सिम्स ४', त्यात 'सेव्हज' नावाचं फोल्डर. ते कॉपी करा, पेन ड्राइव्हवर ठेवा. झाला बॅकअप. पुढचे गेम जर सगळे ऑनलाइनच असतील, तर हे साधं फोल्डर मिळणार नाही. मला भीती आहे ती त्याची. ग्राफिक्स कमी असले तर चालेल.

आणि आजीचं काय झालं?

चौथ्या दिवशी बहिणीने विचारलं, "दादा, यात म्हातारी माणसं मरतात ना? आजी मरणार नाही अशी काही सेटिंग आहे का?"

आहे. गेम ऑप्शन्समध्ये गेमप्लेच्या भागात 'ऑटो एज' आहे. ते बंद केलं की वय वाढत नाही. तिथेच आयुष्य लांब-छोटं करायचा पर्यायही आहे. आग लागून किंवा अति दमून सिम तरीही मरू शकतो, एवढं लक्षात ठेवा. आम्ही ते बंद केलं. आणि दुसरं काम म्हणजे स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावला.

हे बरोबर की चूक, ते मी तिला सांगितलं नाही. मलाही ठरवता आलं नाही. एवढंच बघितलं की आजीने भाजीत पहिल्यांदा 'उत्तम' शेरा मिळवला, तेव्हा तिने स्क्रीनचा फोटो काढून मामीला पाठवला. मामीचा लगेच फोन आला आणि दोघी पाऊण तास आजीबद्दल बोलत होत्या. आजी गेल्यापासून घरात तो विषय कोणी काढत नव्हतं, असं मामा मला नंतर म्हणाला.

माझं मत

मामाला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

१. मूळ गेम बिनधास्त टाका, पण ईएचं अ‍ॅप, स्टीम किंवा एपिक यातूनच. वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी ठेवा. युरोपात याला १२ वर्षांवरच्यांसाठी आणि अमेरिकेत 'टीन' असं रेटिंग आहे, त्याहून लहान मुलांना देऊ नका.

२. पहिला महिना एकही पॅक नाही. महिन्यानंतरही एखाद्या गोष्टीची खरंच उणीव वाटत असेल तर एकच पॅक, तोही सेलमध्ये. पालकांचं कार्ड अकाउंटला जोडून ठेवू नका.

३. दर रविवारी सेव्हजचं फोल्डर कॉपी करा.

४. वेळेचं भान ठेवा. यात 'गेम ओव्हर' होत नाही, म्हणून थांबायचं आपल्यालाच ठरवावं लागतं. आम्ही खेळाचे तीन दिवस, म्हणजे साधारण सव्वा तास, हा नियम केला. दोनदा मोडला, दोन्ही वेळा मीच.

गेम म्हणून पहिलं मत : माणसं बनवण्यात आणि भावनांच्या खेळात आधीच्या भागांपेक्षा पुढे, गाव म्हणून तिसऱ्या भागापेक्षा मागे, आणि साध्या लॅपटॉपवर चालणारा यापेक्षा चांगला लाइफ सिम आज माझ्या तरी बघण्यात नाही.

बहीण सांगलीला परत गेली तेव्हा तिने पॅक मागितला नाही. एक पेन ड्राइव्ह मागितला. मी माझा १६ जीबीचा दिला. त्यावर तिने चिठ्ठी चिकटवली आहे : 'आजी. फॉरमॅट करू नये.'

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत तुमच्या सिम्सना जेवायला घाला, आणि हो, स्वतःही वेळेवर जेवा!